साडूभाऊंची टिंबं

जगातला निम्मा गोंधळ स्पेसबार दाबल्यामुळे होतो असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझा साडू निघाला. संगणकाच्या कळफलकावर सगळ्यात खाली जी लांबोडकी कळ असते, दोन शब्दांमध्ये जागा सोडणारी, ती त्यांच्या मते एका शब्दानंतर एकदाच दाबायला दिलेली आहे. जो दुसऱ्यांदा दाबतो तो पुढे काहीही करू शकतो. "एकदा दाबली ती गरज, दोनदा दाबली ती लबाडी," असं ते म्हणत, आणि म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की समोरच्याने नकळत हात मांडीवर घ्यावेत. मी तर घ्यायचोच. कारण मी दाबत होतो. बावीस वर्षं दाबत होतो.

आम्ही एकमेकांना साडूभाऊच म्हणतो, म्हणजे ते मला आणि मी त्यांना, त्यामुळे कार्यालयात कुणी "साडूभाऊ" अशी हाक मारली की दोघांच्याही माना वर होत. कार्यालय पाणीपुरवठ्याचं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात नेमकं कुठे ते सांगत नाही, कारण सांगून कुणाचं भलं होणार नाही. ते तिथे माझ्या आधी लागले. मी नवा लागलो तेव्हा त्यांनीच मला मराठी टंकलेखन शिकवलं, आणि वर्षभर माझं निरीक्षण करून स्वतःच्या धाकट्या मेव्हणीसाठी माझं नाव सासऱ्यांकडे सुचवलं. "मुलगा सरळ आहे," एवढीच शिफारस त्यांनी केली होती. माझी बायको हे वाक्य अजून भांडणात वापरते. ती थट्टेने वापरते हे मला कळतं, पण गेल्या काही वर्षांत मला ते ऐकवत नाही.

मुळात ते टाइपरायटरवर वाढलेले. टाइपरायटर प्रामाणिक यंत्र होतं, असं ते सांगत. त्यावर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, त्यामुळे स्पेस मोजून रकाने पाडले तर ते सरळच पडत. संगणक आला आणि अक्षरं आपापल्या देहाप्रमाणे जाड-बारीक झाली, पण कारकुनांची बोटं तशीच राहिली. नाव लिहायचं, मग रकाना येईपर्यंत टकटक टकटक स्पेस मारत जायचं. पडद्यावर सरळ दिसतं, आत सगळा पोकळ डोलारा. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडा, अक्षराचा प्रकार बदला, की डोलारा कोसळतो. हे त्यांना एकदा कळलं आणि त्यांचं सुख संपलं. कुठलाही छापील कागद त्यांना नुसता वाचता येईना. लग्नपत्रिका हातात आली की वधू-वरांच्या आधी ते उजवीकडचा समास बघत. अंबरनाथच्या एका हॉलमध्ये पंगतीत बसलेले असताना समोरच्या मेनूकार्डावर बोट ठेवून माझ्या कानात म्हणाले, "मसालेभात आणि मठ्ठा यांच्यात नऊ स्पेस आहेत." मग त्यांना मसालेभात गेला नाही. माझे वडील वारले तेव्हा उत्तरकार्याची पत्रं मी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हे दारात उभे, बगलेत दोनशे नव्या पत्रांचा गठ्ठा. "तारीख आणि स्थळ एका रेषेत नव्हतं," म्हणाले. मी चिडलो. म्हणालो, अशा वेळीसुद्धा तुम्हाला रेषा सुचतात? ते खाली बघत पुटपुटले, "अण्णा रेषेत राहिलेला माणूस होता हो." तेव्हा मी दार न लावताच रडलो.

टंकलेखनाचा असा सोवळेपणा अंगात भिनलेला माणूस पुढे मुक्त सॉफ्टवेअरचा भक्त झाला यात नवल नव्हतं. पत्रं लिहायचं, तक्ते करायचं सॉफ्टवेअर सरकारी कार्यालयं विकत घेतात, दर वर्षी त्याचा परवाना भरतात. आणि तसंच काम करणारं दुसरं एक सॉफ्टवेअर कुणालाही, कायम, मोफत मिळतं, ते आतून उघडून बघतासुद्धा येतं, हे कळल्या दिवसापासून त्यांनी त्याचा इन्स्टॉलर पेन ड्राइव्हमध्ये भरून काळ्या दोरीने गळ्यात घातला. सत्यनारायणाला या, बारशाला या, प्रसाद हातावर पडला की पाठोपाठ पेन ड्राइव्ह पुढे यायचा. "घरी कॉम्प्युटर आहे ना? घेऊन जा." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पाणी लोकांचं, त्याची पत्रंही लोकांची, मग पत्रपेटीची किल्ली दुकानदाराकडे का?" उल्हासनगरात संगणक दुरुस्त करणारा एक सिंधी दुकानदार त्यांच्या ओळखीचा होता. माझ्या मुलीसाठी जुना संगणक घ्यायला आम्ही त्याच्याकडे गेलो.

"साईं, सब डालके दिया है, टेन्शन नको," दुकानदार म्हणाला.

"शेठ, हे चोरीचं काढा आणि माझ्याकडचं टाका. हे मोफत आहे."

"अरे साईं, वो भी फोकट, ये भी फोकट, फिर निकालने का काय कू?"

"तुमचं चोरून फुकट आहे. हे देऊन फुकट आहे."

"कौन देता है फोकट में?"

"जगभरातले लोक. सुट्टीच्या दिवशी बसून लिहितात."

दुकानदाराने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "शादी नहीं हुआ उनका?"

यावर साडूभाऊंनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "काहींची झालेली आहे."

आमच्या कार्यालयाचा एक रिवाज इथे सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे नवीन पत्र कुणी लिहीत नाही. जुनं उघडायचं, नाव बदलायचं, तारीख बदलायची, वेगळ्या नावाने साठवायचं. त्या जुन्याच्याही मागे जुनं, त्याच्याही मागे आणखी जुनं. साडूभाऊंनी एकदा ही वंशावळ खणत खणत मागे नेली आणि शोध लावला की आमच्या कार्यालयातून बाहेर पडणारं प्रत्येक पत्र, मग ते निविदेचं असो की कुणाच्या रजेचं, एका टँकरच्या पत्रापासून जन्मलं आहे. ते पत्र केलं होतं आमच्या जुन्या हेडक्लार्कनी, आणि त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. कुठलीही फाइल घ्या, तिची माहिती दाखवणारी चौकट उघडा, 'लेखक' या शब्दापुढे त्यांचंच नाव. "साडूभाऊ, हा माणूस अजून कामावर आहे," असं म्हणून त्यांनी पडद्याला हात जोडले. टँकरच्या त्या पत्राला ते आदिपत्र म्हणत. आदिपत्रात रकाने अर्थातच स्पेसने पाडलेले होते, आणि ते पाप पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलं होतं.

मग त्यांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं असताना वरून परिपत्रक आलं. विकतच्या सॉफ्टवेअरचे परवाने आता वाढवायचे नाहीत. निवडक कार्यालयांनी तीन महिने मुक्त सॉफ्टवेअर वापरून बघावं, जमलं तर ते सगळीकडे लावू. निवडक कार्यालयांत आमचं नाव होतं आणि समन्वयक म्हणून साडूभाऊंचं. परिपत्रक वाचून त्यांनी ते दोन्ही डोळ्यांना लावलं. मला म्हणाले, "एवढे तीन महिने पार पडू देत. मग पेन्शन नाही मिळाली तरी चालेल." घरी माझ्या मेव्हणीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "पेन्शन नसली तरी चालेल म्हणे! तुम्हाला चालेल, वाण्याला नाही चालायचं."

तीन महिने हा माणूस टेबलाटेबलांवर फिरला. त्यांनी एक तक्रारवही केली. डाव्या पानावर तक्रार, उजव्या पानावर उपाय, खाली तक्रारदाराची सही. लेखापाल मॅडमची पडद्यावरची छपाईची खूण डावीकडून उजवीकडे गेली म्हणून मान दुखायला लागली, तर त्यांनी ती खूण परत डावीकडे आणली. "आता बरंय, पण रंग उदास आहे हो," असं मॅडम म्हणाल्या, तर दुसऱ्या दिवशी रंगही बदलून दिला. शिपाई दारात उभा राहून म्हणायचा, "साडूसाहेब, फुकटचं औषध कधी लागू पडतं का?" त्यावर ते शांतपणे, "आईचं दूध पडलं ना?" मी तिथेच बसलेलो असायचो आणि हसायचो. सगळ्यांच्या तक्रारी वहीत होत्या, फक्त माझी एकही नव्हती. ते ती वही लोकांना दाखवून सांगत, "आमच्या साडूभाऊंचं बघा. वयाने तुमच्याएवढेच आहेत, पण एक तक्रार नाही."

तक्रार नव्हती कारण मी ते वापरतच नव्हतो.

हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. जुन्या नोंदवह्यांच्या कपाटामागे एक जुना संगणक होता, त्यावर विकतचं सॉफ्टवेअर तसंच राहिलं होतं. मी साहेबांना म्हटलं, जुना प्रिंटर त्यालाच जोडलाय, राहू दे. आणि तिथे बसून माझं काम माझ्या जुन्या सवयीने करत राहिलो. मला नवं जमलं नसतं असं नाही. मला फक्त त्यांच्यासमोर "हे मला येत नाही" असं म्हणायची लाज वाटली. ज्यांनी मला टाइप करायला शिकवलं, ज्यांनी मला सरळ म्हटलं, त्यांच्या वहीत माझी तक्रार लिहिली जावी हे मला सहन होईना. आळस आणि भिडस्तपणा एकत्र आले की माणसाला ते चांगुलपणासारखे वाटतात.

शेवटच्या पंधरवड्यात पाणीकपात लागली. कुठल्या भागाला कुठल्या वारी, किती वाजता पाणी, याचं वेळापत्रक करणं माझ्याकडे. साडूभाऊंनी त्यासाठी नीट चौकटी आखलेला एक कोरा तक्ता करून दिला होता: "साडूभाऊ, यात फक्त वार आणि वेळ भरा, हा हलणार नाही." मी हो म्हटलं, कपाटामागे गेलो आणि आदिपत्राच्या कुळातलं जुनं वेळापत्रक उघडून भाग, स्पेस, वार, स्पेस, वेळ असं बडवून काढलं. माझ्या पडद्यावर ते सरळ होतं. त्याचा फोटो काढून मी सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकला आणि फाइल साहेबांकडे पाठवली. साहेबांच्या संगणकावर नवं सॉफ्टवेअर. तिथे ती उघडली तेव्हा अक्षरं थोडी रुंद झाली, लांब नावाच्या भागांच्या ओळीत वेळ मावेना, ती खालच्या ओळीवर घसरली, आणि तिथून पुढे प्रत्येक भागापुढे वरच्या भागाची वेळ जाऊन बसली. साहेबांनी न बघता सही केली. छापील कागद चावीवाल्यांकडे गेले, म्हणजे भागाभागात चाव्या फिरवून पाणी सोडणाऱ्यांकडे. ते कागदाप्रमाणे वागले. लोक फोटोप्रमाणे वागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यालयाच्या आवारात पन्नासेक बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. "मोबाइलवर सकाळी सहा म्हणता आणि नळाला दुपारी तीनला सोडता? नोकरी सोडून नळाला राखण बसू का?" एकीच्या घरी तर उघड्या राहिलेल्या नळाला दुपारी पाणी आलं होतं, घरात कुणी नाही. "साहेब, माझा दिवाण तरंगत होता, दिवाण! आणि प्यायला घोट नाही घरात." चावीवाला जांभूळ गावाकडचा, तो साहेबांपुढे कागद नाचवत होता: "कागदान जसा लिवलाय तसाच मी केलाय. माना कनाला बोलता?"

साहेबांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. "हे कशाने झालं?"

"नवीन सॉफ्टवेअर, साहेब," लेखापाल मॅडम म्हणाल्या.

साहेब माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "माझ्याकडे सरळच दिसत होतं, साहेब."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी ते पुष्कळदा तपासून पाहिलं आहे.

साडूभाऊ साहेबांच्या संगणकाशी बसले. त्यांनी ती फाइल उघडली आणि दोन कळा एकदम दाबल्या. असं केलं की कागदावर एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसायला लागतात, प्रत्येक स्पेसच्या जागी एक बारीक टिंब. सगळा पडदा टिंबांनी भरला, तांदळात किडे व्हावेत तसा. ते बराच वेळ बघत राहिले. मी त्यांच्या पाठीमागे उभा होतो. मला वाटलं, आता मान वळेल. मान वळली नाही. त्यांनी परत त्याच दोन कळा दाबल्या, टिंबं नाहीशी झाली, आणि ते उठून म्हणाले, "चूक माझी, साहेब. मी तपासायला हवं होतं."

सांगायला माझ्याकडे तो एक क्षण होता, आणि नंतर पुष्कळ दिवस होते. महिनाअखेर अहवाल पाठवायचा होता. साहेब मला म्हणाले, तुम्हीच टाइप करा, तुमचा हात साफ आहे. मी आदिपत्राचं एक पिल्लू उघडलं, विषय बदलला, तारीख बदलली आणि लिहिलं: 'सदर प्रणाली कार्यालयीन कामकाजास उपयुक्त असल्याचे आढळून येत नाही.' दोन आठवड्यांत परवाने नव्याने आले. इतर कार्यालयांत तर सुरुवातच झाली नाही. निवृत्तीच्या समारंभात शाल, नारळ देताना साहेब गमतीने म्हणाले, "आता घरी तरी वेळेवर पाणी सोडा," आणि सगळे हसले. साडूभाऊही हसले. गळ्यात पेन ड्राइव्ह नव्हता. मी नंतर त्यांच्या टेबलाशी गेलो तर तो छत्री अडकवायच्या खिळ्याला लटकत होता.

मागच्या महिन्यात मी शिरगावला त्यांच्या घरी गेलो. जिन्यात सोसायटीची सूचना लावलेली होती, टाकी धुण्याची. हाताने लिहिलेली, पट्टीने आखलेल्या पेन्सिलीच्या रेघा पुसलेल्या, तरी दिसत होत्या. मेव्हणी म्हणाली, "लॅपटॉप उघडतच नाहीत हल्ली. मी म्हटलं, त्याच्यावर सांडगे वाळत घालू का, तर म्हणाले घाल." हे सांगून ती हसली आणि चहा टाकायला गेली. मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं. कपाटामागचा संगणक, वेळापत्रक, अहवाल. आधल्या आठवड्यात नव्या साहेबांकडे तो अहवाल मागे घ्यायला गेलो होतो तेही सांगितलं, ते म्हणाले होते, "आता कशाला उकरता? परवाने भरलेत."

साडूभाऊंनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. आपल्याकडे बाकीचे सहा-सात स्पेस मारून कंटाळतात. वार आणि वेळेच्या मध्ये मोजून अकरा मारणारा माणूस एकच आहे. मीच शिकवलेत तुम्हाला अकरा, टाइपरायटरवर."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? चूक माझी म्हणालो ते खोटं नव्हतं हो. अख्ख्या ऑफिसने माझ्याकडे तक्रार केली आणि घरच्या माणसाला करवली नाही. माझ्यातच काहीतरी असणार तसं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. चहा आला, आम्ही घेतला. कप खाली ठेवताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "वेळापत्रक आता कशात करता?"

"विकतच्यातच. सगळेच परत तिकडे गेले."

"म्हणजे स्पेस."

"नाही. तुम्ही चौकटी आखून दिलेला तक्ता होता ना, तोच उघडतो. वार आणि वेळ भरतो."

"विकतच्यात उघडतो?"

"सरळ उघडतो."

टेबलावरच्या वर्तमानपत्राची घडी त्यांनी टेबलाच्या कडेला समांतर करून ठेवली.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, धीर झाला नाही. तो तक्ता हलत नाही हे पाहून लेखापाल मॅडमनी तो मागून घेतला, मग निविदावाल्यांनी, मग टँकरवाल्यांनी. आता कुणी आदिपत्र उघडत नाही. जुन्या हेडक्लार्कांना शेवटी रजा मिळाली. शनिवारी मी पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक करतो, तेव्हा कधी कधी फाइलची माहिती उघडून बघतो. 'लेखक' या शब्दापुढे साडूभाऊंचं नाव असतं. नाव बदलायची सोय तिथेच आहे. मी बघतो, चौकट बंद करतो आणि तारीख बदलतो.